बोटीचं इंजिन आणि स्वयंपाकाला नेलेली बाई

माझ्या यजमानांचा उजवा हात मनगटातून निकामी झाला तो मोटारीच्या हँडलमुळे. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नाशिकहून त्र्यंबकला प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी जायच्या, त्यांतल्या दोन मोटारींची दुरुस्ती यांच्याकडे होती. थंडीच्या दिवसांत एका सकाळी हे मोटार सुरू करायला पुढून हँडल मारत असताना इंजिनानं उलटा झटका दिला आणि मनगटाची हाडं सरकली. हाडं बसवणाऱ्यानं ती बसवली, पण वाकडी. तेव्हापासून त्या हातात यांना पेला धरता यायचा, पाना धरता येत नसे.

मोटारवाल्यांनी दुसरा माणूस ठेवला. आम्ही नाशकात भद्रकालीजवळ दोन खोल्यांत राहत होतो. पुढच्या खोलीत यांनी शिलाई मशीन, स्टोव्ह, कंदील असलं सामान दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. घेत हे होते, दुरुस्त मी करत होते. मी तांबटाची मुलगी. भांड्यावर ठोका कुठं बसला आणि कुठं चुकला हे मला आवाजावरून कळायचं, ते काही कुणी शिकवलेलं नव्हतं. सुरुवातीला हे शेजारी बसून सांगायचे, हा स्क्रू डावीकडे, तो उजवीकडे, आणि मी करायचे. वर्षभरात सांगण्याची गरज उरली नाही. पण गिऱ्हाईक दारात आलं की मी उठून आत जायची, आणि हे डाव्या हातात फडकं घेऊन मशीन पुसत बसायचे. ही रीत कुणी ठरवली ते मला आठवत नाही. ती पडून गेली होती, आणि तेव्हा मला तिचा राग आला नव्हता. राग नंतर आला, आणि आला तो गेलाच नाही.

घोटीच्या अंगाला एका धरणावर बोट होती. पाण्याच्या कडेकडेनं पाहणी करायला साहेब लोक तिच्यातून फिरायचे. तिला मागच्या फळीवर अडकवायचं एक जुनं इंजिन होतं. वर चाक, खाली लांब दांडा, त्याच्या टोकाला पंखा. ते इंजिन बंद पडलं होतं. धरणावरच्या ओव्हरसियरची फटफटी यांनी पूर्वी एकदा दुरुस्त केली होती, म्हणून त्यानं माणूस पाठवून यांना बोलावलं. चार दिवसांनी मोठे साहेब येणार होते, त्याआधी इंजिन चालू व्हायला हवं होतं. त्या माणसांची नावं मी घेत नाही, त्यांची मुलंबाळं आज कुठं ना कुठं असतील.

हे म्हणाले, जाऊ या. जाऊ या म्हणाले, जातो असं म्हणाले नाहीत. कारण माझ्याशिवाय यांना प्लगसुद्धा काढता आला नसता, हे दोघांनाही माहीत होतं. घोटीपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं आम्ही धरणावर पोचलो. ओव्हरसियर बंगल्याच्या पायरीवर उभा होता. माझ्याकडे बघून त्यानं यांना विचारलं, बाईमाणसाला कशाला आणलंत?

हे म्हणाले, "माझ्या जेवणाचं पथ्य आहे. स्वयंपाकाला आणलंय."

मी गाडीतून हत्यारांची पिशवी उतरवून घेतली होती. ती माझ्याच खांद्यावर होती.

इंजिन एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. तिथं दोन माणसं होती. एक धरणावरचा फिटर. पूर्वी मनमाडला रेल्वेत होता असं तो पहिल्या पाच मिनिटांत दोनदा म्हणाला. त्यानं या इंजिनावर महिनाभर हात चालवला होता आणि शेवटी ते मेलं असं जाहीर केलं होतं. दुसरा म्हातारा नावाडी, जवळच्याच गावचा. त्याच्या गावची निम्मी शेतं धरणाच्या पाण्याखाली गेली होती आणि आता तो त्याच पाण्यावर वल्ही मारत होता. तो कमी बोलायचा.

यांनी फिटरला विचारलं, पेट्रोलमध्ये तेल किती घालता? फिटर म्हणाला, भरपूर, तेलाला आपण कधी कमी करत नाही. हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले की या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आतलं सगळं ओलं ठेवतं. कमी पडलं तर आतून घासतं, जास्त झालं तर प्लग काजळतो. मी प्लग काढला. त्याचं टोक चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखं झालं होतं.

फिटर हसला. "वहिनी, हे काही पोळपाट-लाटणं नाही," तो म्हणाला.

यांनी डाव्या हातानं फडकं माझ्यापुढं केलं. मी प्लग घासून स्वच्छ केला, त्याची तार जोडली, प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला आणि नावाड्याला चाकाची दोरी ओढायला सांगितलं. ठिणगी पडली, पण पिवळी, मरतुकडी. चांगली ठिणगी निळी असते आणि चट् असा आवाज करते. म्हणजे दोष वरच्या चाकाच्या पोटात होता. ठिणगी तिथंच तयार होते.

ते चाक काढणं हेच मोठं काम. फिटरनं पूर्वी काढायचा प्रयत्न केला होता हे कडेला छिन्नीचे घाव होते त्यावरून दिसत होतं. हे म्हणाले, नट दोन आटे सैल कर, चाक खालून उचलून धरायला सांग, आणि नटावर पितळेचा तुकडा ठेवून ठोका घाल. जोरानं घाल, म्हणाले. मी जोरानं घातला नाही. असा ठोका जोरानं घालायचा नसतो, सरळ घालायचा असतो. नावाड्यानं चाक दोन्ही हातांनी वर ओढून धरलं, मी एकच ठोका दिला आणि चाक सुटलं. फिटरनं तोंडातलं पान थुंकायला म्हणून शेडबाहेर पाय टाकला, तो बराच वेळ परत आला नाही.

आत सगळीकडे ओल होती. जे दोन पॉइंट मिळतात आणि सुटतात, ते गंजून खडबडीत झाले होते. मी बारीक कानशीनं ते घासले. दोन्हींमधली फट किती ठेवायची ते यांनी सांगितलं, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. यांच्या खिशात माझ्या भावाचं कार्ड होतं, तेच मधे घालून फट लावली. तारेचं वेटोळं काढून उन्हात ठेवलं. तेवढ्यात ओव्हरसियरचा शिपाई निरोप घेऊन आला. बाई स्वयंपाकाला आल्याच आहेत, तर बंगल्यावरच्या माणसांसाठीही पंधरा-वीस भाकरी थापाव्यात.

मी यांच्याकडे बघितलं. एवढ्या वेळात एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. म्हणाले असते, ही इथं काम करतेय. हे म्हणाले, वेटोळं वाळेपर्यंत तसाही वेळ आहे.

मी राखेनं हात तीनदा घासले तरी पेट्रोलचा वास जाईना. त्या हातांनी मी भाकरी थापल्या. जेवताना शिपाई म्हणाला की भाकरीला कसलासा वास येतोय. मी म्हटलं, येत असेल.

दुपार कलल्यावर आम्ही इंजिन जोडलं आणि टाकीत बेतानं तेल मिसळलेलं नवं पेट्रोल घातलं. शेडमध्ये पाण्यानं भरलेलं मोठं पिंप होतं. त्याच्यावर फळी टाकून इंजिन अडकवलं, पंखा पाण्यात बुडेल असं. नावाड्यानं दोरी ओढली. चौथ्या ओढीला इंजिन धडधडलं. यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर सगळं विसरायला झालं. पण मिनिटभरात धूर झाला, इंजिन अडखळलं आणि थांबलं. कार्बुरेटरमधून पेट्रोल खाली ठिबकत होतं.

रात्रभर हे त्यावरच विचार करत राहिले असावेत, कारण सकाळी उठल्या उठल्या म्हणाले की पेट्रोल अडवणारी आतली सुई झिजली असणार, ती नाशिकला मिळायची नाही, मुंबईहून मागवावी लागेल. म्हणजे काम संपलं. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू.

कार्बुरेटरच्या वाटीत एक बूच तरंगत असतं. पेट्रोल वाढलं की ते वर येतं आणि सुई बंद करतं. मी ते बूच काढून तळहातावर घेतलं. ते जड होतं. बूच जड नसतं. मी यांच्या डाव्या हातावर ठेवलं, यांना काही वेगळं वाटलं नाही. मग मी नावाड्याच्या हातावर ठेवलं. तो त्याच्या जाळ्याला बुचं बांधायचा, त्याला बुचाचं वजन माहीत.

तो म्हणाला, "ह्ये लय पेलंय, बाई. ह्ये तरंगायचं नाय."

बुचावर लाखेचा थर असतो, तो उडाला होता आणि बूच पेट्रोल पीत होतं. बुडालेलं बूच सुई काय बंद करणार. साहेब येणार म्हणून बंगल्यातल्या खुर्च्यांना पॉलिश करायला एक सुतार बसला होता. त्याच्याकडे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख होती. मी बूच उन्हात चांगलं सुकवलं, सुताराकडून वाटीभर लाख आणली आणि तीन हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन. सुताराला मी सांगितलं नाही की कशाला हवी आहे. तो म्हणाला असता, बाईला लाख कशाला.

दुपारी इंजिन पुन्हा पिंपावर चढवलं. या वेळी ते दुसऱ्या ओढीला सुरू झालं आणि थांबलं नाही. मग मी कार्बुरेटरवरचा स्क्रू लावायला घेतला. तो आत फिरवला की इंजिन उपाशी पडून शिंकायला लागतं, बाहेर फिरवला की लंगड्या घोड्यासारखं खुरडत चालतं. या दोहोंच्या मधे एक जागा असते, तिथं आवाज गोळा होऊन एकसारखा येतो. हे काही सांगायला लागले, मी हातानं थांबवलं. ती जागा ऐकायची असते आणि बोलण्यात ती ऐकू येत नाही. सापडली तेव्हा नावाडी उकिडवा बसला होता तो उभा राहिला. बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडत होती, म्हणजे इंजिन आतून थंड राहत होतं. टाकीच्या टोपणावर हवेसाठी एक बारका स्क्रू असतो. तो चालवताना सैल ठेवायचा, नाहीतर पेट्रोल खाली उतरत नाही. तो मी नावाड्याला दाखवून ठेवला. फिटरला दाखवायला गेले तर तो म्हणाला, मला माहीत आहे.

साहेब तिसऱ्या दिवशी सकाळी आले. गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, मराठी बोलणारे. बरोबर एक पाहुणा. इंजिन बोटीला लावलेलं होतं आणि फिटर धुतलेला सदरा घालून बोटीत बसला होता, नावाडी पुढच्या टोकाला. आम्ही धक्क्यावर एका बाजूला उभे. मी पदर घेऊन यांच्या मागं.

साहेबांनी विचारलं, हे तर बंद पडलं होतं ना, केलं कुणी?

ओव्हरसियर म्हणाला, "आपल्या फिटरनं केलं, साहेब. मदतीला नाशिकचा एक मिस्त्री आणला होता."

साहेबांनी मान हलवली. हे तिथंच उभे होते, दहा पावलांवर, वाकडा हात कोटाच्या खिशात घालून. यांनी खाली बघितलं. मी ओव्हरसियरवर चिडले असं मला वाटलं होतं, पण नाही. ओव्हरसियर परका माणूस, त्याला काय माहीत. यांना सगळं माहीत होतं. दोन दिवस यांनी माझे हात बघितले होते. एवढंच म्हणायचं होतं की आम्ही दोघांनी केलं. मी केलं असंही नाही, दोघांनी.

साहेब आणि पाहुणा बोटीत बसले, फिटरनं दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि बोट निघाली. आवाज सुरेख होता. शंभर-दीडशे हात गेली असेल, तर आवाज पातळ व्हायला लागला. मग एक उचकी, मग दुसरी, आणि इंजिन थांबलं. फिटर दोरी ओढतोय, पुन्हा ओढतोय. वारा बोटीला धरणाच्या भिंतीकडे ढकलत होता. ओव्हरसियर यांच्याकडे वळून म्हणाला, हे असलं काम केलंत? म्हणजे चाललं तेव्हा फिटरचं आणि थांबलं तेव्हा आमचं.

मला कारण तिथूनच कळलं होतं. साहेबांच्या कपड्यांवर पेट्रोल उडू नये म्हणून फिटरनं तो हवेचा स्क्रू घट्ट आवळला होता. त्याशिवाय असं पातळ होत होत इंजिन मरत नाही. मी यांना म्हटलं, सांगा त्यांना. यांनी हात खिशातून काढलासुद्धा नाही. माझा पदर केव्हा खाली आला ते मला कळलं नाही. मी धक्क्याच्या टोकाला गेले आणि नावाड्याला हाक मारली.

"दादा, टाकीच्या टोपणावरचा बारका स्क्रू सैल करा. मग दोरी ओढा."

पाण्यावरून आवाज लांब जातो. नावाडी उठला, फिटरला बाजूला सारलं, स्क्रू सैल केला आणि स्वतःच दोरी ओढली. इंजिन चालू झालं. बोट सरळ होऊन पुढं निघून गेली.

तासाभरानं बोट परत आली. साहेब उतरले आणि ओव्हरसियरला विचारलं, ती ओरडली ती कोण? मिस्त्रीची बायको, ओव्हरसियर म्हणाला, स्वयंपाकाला आणलीय. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "हुशार दिसते." ते मला म्हणाले नाहीत, पाहुण्याला म्हणाले. एखाद्याचा पोपट बोलला तर म्हणावं तसं. मग ते जेवायला गेले. नावाडी बोट बांधत होता. त्यानं माझ्याकडे बघून सलाम केल्यासारखा कपाळाला हात लावला आणि पुन्हा दोर आवळायला लागला.

परतीच्या गाडीत घोटी दिसायला लागली. मग मी विचारलं, मी स्वयंपाकाला आले होते का?

हे म्हणाले, लोक काय म्हणाले असते.

"काय म्हणाले असते ते मला सांगा," मी म्हटलं. "मला खरंच ऐकायचं आहे."

हे बैलांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मी ठरवलं की स्वयंपाकाची बाई तर स्वयंपाकाची बाई. मी हत्यारांना हात लावायचा बंद केला. सकाळ-संध्याकाळ ताट वाढायची, भाजी, आमटी, कोशिंबीर, रोज काहीतरी गोडाचं. कधी केला नव्हता इतका स्वयंपाक मी त्या दिवसांत केला. पुढच्या खोलीत शिलाई मशिनं साठत गेली. हे डाव्या हातानं झटायचे. एक स्टोव्ह कसाबसा झाला. एका मशिनाचा स्क्रू मोडून आतच राहिला. हे मला हाक मारायचे नाहीत आणि मी जायची नाही. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाईट वाटत होतं आणि तरी मी शेवया वळत होते.

आठ-दहा दिवसांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले दर्जी आले. मुसलमान गृहस्थ, वयस्कर, यांना ते उस्ताद म्हणायचे. ईद जवळ आली होती आणि त्यांचं मशीन आमच्याकडे तसंच पडून होतं. मी आत चुलीपाशी होते. बाहेर मशिनाचं चाक दोनदा फिरून अडकल्याचा आवाज आला. मग मला यांचा आवाज ऐकू आला.

"चाचा, माझा हात गेल्यापासून हे सगळं काम हीच करते. मला जमत नाही. ती सध्या रागावलीय आणि तिचं बरोबर आहे."

दर्जी म्हणाले की ते तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, उस्ताद, तुम्हालाच ठाऊक नव्हतं काय.

मी चुलीवरचं उतरवलं आणि बाहेर जाऊन बसले. दर्ज्यांच्या समोरच मशीन पुढ्यात ओढलं. त्यांनी सलाम केला आणि दोरा कुठं तुटतो ते मला सांगायला लागले, यांना नाही. त्या दिवसानंतर गिऱ्हाईक आलं तरी मी आत गेले नाही. काही लोक यायचे बंद झाले. जास्त लोक येत राहिले.

पुढच्या वर्षी धरणावरून पुन्हा माणूस आला. इंजिन बंद, मिस्त्रींना पाठवा. मी यांना म्हटलं, काम मी करते, तेव्हा बोलावणं मला येऊ दे. स्वयंपाकाला म्हणून मी पुन्हा त्या पायऱ्या चढणार नाही. हे बसले आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, की इंजिनाचं काम माझी पत्नी करते, मी सोबत येईन, तसं लेखी बोलावणं पाठवावं. चिठ्ठी लिहून मला वाचून दाखवली. वाचताना एके ठिकाणी थांबले, मग पुढं वाचलं.

उत्तर आलं नाही. ओव्हरसियर म्हणे हसला आणि चिठ्ठी फिटरला वाचून दाखवली.

पावसाळ्यानंतर कधीतरी तो नावाडी नाशिकला आला होता, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, काही विधी होता त्याचा. विचारत विचारत घरी आला. मी चहा केला. इंजिन शेडमध्ये गोणपाटाखाली पडून आहे, तो म्हणाला, आणि साहेब आले की आता मीच वल्ही मारतो. फिटरनं त्याचा कार्बुरेटर पुन्हा खोलला होता आणि परत जोडता आला नाही. बूच कुठं गेलं, कुणाला माहीत नाही.

मी विचारलं, चाक तरी वरून झाकलंय का, आत ओल जाईल.

"न्हाई झाकलं," तो म्हणाला.

त्या माणसांवरचा राग वयाबरोबर बोथट झाला, यांच्यावरचा तर केव्हाच गेला. पण एका मजबूत, पुन्हा चालू होईल अशा इंजिनात ती माणसं महिनोन् महिने पाणी शिरू देत होती, कशासाठी, तर एका बाईच्या नावानं दोन ओळी लिहाव्या लागू नयेत म्हणून. हे आठवलं की आजही माझे कान तापतात. मी नावाड्याला पुन्हा पुन्हा सांगितलं की आत गंज धरू नये म्हणून निदान प्लग काढून भोकात थोडं तेल तरी सोडा आणि चाक हातानं फिरवून ठेवा. तो म्हणाला, बघतो, पर शेडीला आता कुलूप हाय.